लोकरीचा बोळा

खण्णकन चहाच्या किटलीचं झाकण फरशीवर पडलं आणि गिरक्या घेत राहिलं. वसतिगृहात अभ्यासाला बसलेल्या एकवीस मुलींपैकी वीसजणींनी माना वळवल्या. एकटी इत्तो वहीत डोकं घालून बसली होती.

स्वयंपाकीण हद्दा ओल्या हातांनी तशीच उभी राहिली.

ॲटलास पर्वतातल्या पार वरच्या गावातून आलेल्या या अकरा वर्षांच्या पोरीला अरबी येत नाही, असं सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. काही विचारलं की गोड हसून ‘हो’ म्हणायची. सुट्टीनंतर तिची जागा दुसरीला द्यायची, असं मुख्याध्यापक सी ब्राहिम यांनी ठरवलंही होतं.

“सी ब्राहिम, पोरीचं अरबीवर अडलेलं नाही. तिला ऐकूच येत नाही!”

“लल्ला हद्दा, तुम्ही हरीराच्या सूपकडे बघा. करपतंय.”

“करपू दे. काल मी आमच्या डोंगरी बोलीत विचारलं, ‘मीठ हवं की साखर?’ म्हणाली, ‘हो.’ आता आईची भाषाही विसरली का ती?”

सी ब्राहिम हसले. मग हसायचे थांबले.

बाजाराच्या दिवशी हद्दा तिला दवाखान्यात घेऊन गेली. नर्सने बॅटरीच्या उजेडात चिमट्याने अलगद काहीतरी ओढलं. काळा, तेलकट लोकरीचा बोळा! दुसऱ्या कानातही तसाच.

“हे कुणी घातलं?”

हद्दाला ते कुणी सांगावं लागलं नाही. थंडीत कान ठणकला की डोंगरातल्या आया कोमट तेलात बुडवलेली लोकर कानात घालतात. गेल्या हिवाळ्यात तिने स्वतःच्या लेकीलाही घातली होती. काढली ना आपण? काढली, काढली. तरी घरी गेल्यावर बघायचंच.

परतताना इत्तो खडीवर थबकली. पाय आपटला. पुन्हा आपटला.

“लल्ला, माझे बूट बोलतायत!”

दुसऱ्या दिवशी सी ब्राहिमनी मुद्दाम तिच्या पाठीमागे उभं राहून अरबी उतारा वाचून तिच्याकडून लिहून घेतला. वही तपासली. “दोन चुका. तेवढ्या तर माझ्याही होतात,” म्हणाले, आणि यादीत तिचं नाव पुन्हा लिहिलं.

संध्याकाळी हद्दा उंचावरून पेल्यात चहा ओतत होती. इत्तो ती धार कान देऊन ऐकत बसली होती.

“लल्ला, मी इथे यायला निघाले ना, तेव्हा आई खेचराच्या मागे धावत काहीतरी ओरडत होती. मी हसून ‘हो’ म्हटलं. काय म्हणत होती ती?”