डबा वाजत घरी आला

मित्रांनो, माझ्याकडे बघून नाकं मुरडू नका. मी जुना आहे हे मला ठाऊक आहे. मी स्टीलचा गोल डबा. अंगावर पोचे आहेत, झाकणावरची नक्षी पुसट झाली आहे, आणि बुडावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं 'पुंजाराम' हे नाव आता नीट निरखल्याशिवाय वाचता येत नाही. पण माझं पाणी अजून तसंच आहे बरं का! आजकालच्या त्या रंगीत प्लॅस्टिकच्या डब्यांसारखा मी हळदीनं पिवळा पडत नाही.

गुलमंडीजवळच्या भांड्यांच्या दुकानातून लक्ष्मीबाईंनी मला घेतलं. त्यांचे मालक पुंजाराम तेव्हा खुलताबादकडची शेती भावाच्या हवाली करून वाळूजच्या एका कंपनीत नुकतेच लागले होते. बजाजनगरात दोन खोल्यांचं घर होतं. रोज पहाटे माझ्यात भाकरी, ठेचा आणि एखादी कोरडी भाजी भरली जायची. मी सायकलच्या हँडलला लटकून कंपनीत जायचो. संध्याकाळी परत येताना पुंजाराम माझ्यात नुसता चमचा ठेवायचे आणि तो रस्ताभर खुळखुळ वाजायचा. तो आवाज ऐकला की लक्ष्मीबाई आतूनच म्हणायच्या, "आले बरं का, आन् जेवून आले!" डबा वाजला म्हणजे माणूस पोटभर जेवला. आमच्या घरात ही खूणच होती म्हणा ना.

पुढं पुंजाराम निवृत्त झाले आणि दोघं खुलताबादला शेतावर राहायला गेले. मी मात्र बजाजनगरातच राहिलो, माळ्यावर, दिवाळीच्या पणत्यांच्या शेजारी. अंगावर धुळीचा थर! कोणी विचारीना. पितळी तांब्याला निदान सणावाराला खाली काढायचे. मला तेवढाही मान नव्हता. राग यायचा हो, खोटं कशाला बोलू?

मग त्यांची नात संस्कृती पहिलीत गेली. तिच्या पप्पांनी, म्हणजे सत्यमनं, तिच्यासाठी गुलाबी डबा आणला होता. पण सुट्टीत आलेल्या आजोबांनी तिला माळ्यावरून मला काढून दाखवलं आणि माझ्या गोष्टी सांगितल्या. झालं! पोरगी हटूनच बसली. "मला आबांचाच डबा पायजे!" गुलाबी डबा गेला कपाटात आणि मला चिंचेनं घासून लख्ख केलं. मित्रांनो, त्या दिवशी मी इतका चमकत होतो की संस्कृतीनं माझ्यात बघून वेणी नीट केली.

संस्कृतीची मम्मी मंजुषा औषधांच्या कंपनीत पॅकिंगला आहे. सकाळची पाळी, कंपनीची बस कोपऱ्यावर येऊन उभी राहते आणि ती काही कुणासाठी थांबत नाही. त्यामुळे तिची सकाळ म्हणजे नुसती धांदल. पण लेकराला पाकिटातलं काही द्यायचं नाही, हा तिचा पण. आदल्या संध्याकाळीच मेथी निवडून ठेवायची, पीठ मोजून ठेवायचं, मटकीला मोड आणायचे. सकाळी तवा तापला की ज्वारीच्या पिठाचे तीळ लावलेले धपाटे, नाहीतर मुगाचं धिरडं, सोबत शेंगदाण्याची चटणी, गाजराचे दोन काप आणि एक चमचा. बघता बघता डबा तयार! असा डबा भरणारी बाई मी तरी दुसरी बघितली नाही.

पहिल्याच आठवड्यात माझ्यातली डाळ दप्तरात सांडली. मराठीचं पुस्तक पिवळं झालं. तेव्हापासून मंजुषा तव्यावरचं गरम गरम माझ्यात भरायची आणि झाकण लावून वरून तळहातानं जोर देऊन दाबायची. "आता बघू कसं सांडतंय ते!" आणि संस्कृतीला बजावायची, "आता मोठी झालीस तू. आपला डबा आपण उघडायचा, कळलं?"

इथंच घोळ झाला.

मधल्या सुट्टीत मुलं हात जोडून श्लोक म्हणायची आणि मग डबे उघडायचे टकाटक आवाज यायचे. संस्कृती मला मांडीवर घ्यायची. झाकणाला नखं लावायची. फ्रॉकचं टोक धरून ओढायची. गुडघ्यांत दाबून पिळायची. इवलीशी बोटं लाल व्हायची, पण झाकण काही हलत नव्हतं. आतली वाफ निवली होती आणि झाकण असं आत ओढलं गेलं होतं की काय सांगू! मी आतून किती विनवलं, अरे बाबा सोड, लेकरू उपाशी आहे. पण ते झाकण भारी हट्टी. शेवटी संस्कृती मला गुपचूप दप्तरात ठेवायची. मनस्विनी मॅडमनी विचारलं की सांगायची, "भूक नाही." माझ्या पोटात मऊ धपाटे आणि तिच्या पोटात कावळे! मला तोंड असून बोलता येत नव्हतं.

दुपारी शाळेतून ती शेजारच्या गोजरबाईंकडे जायची आणि गेल्या गेल्या भाकरी मागायची. संध्याकाळी मंजुषा घरी आली की आधी दप्तर हलवून बघायची. काही वाजायचं नाही. मग ती मला उघडायची. तिच्या कामाच्या हातांना ते झाकण म्हणजे काहीच नव्हतं, एका हिसक्यात निघायचं. आत सकाळचं सगळं जसंच्या तसं.

आधी ती रागावली. मग तिनं बीट घालून लाल पुऱ्या केल्या, चांदणीच्या आकाराची धिरडी केली, गुळाची पोळी तुपात कुस्करून लाडू वळले. सगळं परत आलं. एकदा गोजरबाई सहज म्हणाल्या, "लई भुकेजून येतंय बाई लेकरू. माझी भाकर कशी मटामटा खाती!" मंजुषा हसली, पण घरी येऊन ओट्याशी उभी राहून रडली. सत्यमला म्हणाली, "माझ्याच हाताला चव नाही का हो? दुसऱ्याचं खाती, माझं शिवत पण नाही." सत्यमनं तिला पाणी आणून दिलं. तो म्हणाला, "तू इतकं मनाला लावून घेऊ नको गं." पण तिनं घेतलंच होतं.

आणि मग एका शुक्रवारी कवायतीच्या तासाला संस्कृतीला चक्कर आली. मॅडमचा फोन आला. "संस्कृतीच्या मम्मी, एकदा डॉक्टरांना दाखवा. मुलगी वाळत चालली आहे." मला वाटलं, संपलं. आता मला भंगारात घातलं तरी चालेल, पण या लेकराला कोणीतरी जेवू घाला रे!

दुसऱ्या दिवशी मंजुषानं रजा टाकली. शाळा सकाळची होती. ती सुटल्यावर दोघी परस्पर दवाखान्यात गेल्या. बाकावर बरीच माणसं बसली होती. मंजुषानं दप्तरातून मला काढलं. मी नेहमीसारखाच जड आणि मुका.

"आजपण नाही खाल्लं? घे, माझ्यासमोर खा. उघड."

संस्कृतीनं मला मांडीवर घेतलं. नखं लावली. फ्रॉकचं टोक धरलं. मग मला गुडघ्यांत दाबलं, डोळे घट्ट मिटले आणि सगळा जीव एकवटून झाकण पिळलं. मंजुषा बघतच राहिली. लेकरू हे आज पहिल्यांदा करत नव्हतं, हे तिला दिसलं.

"सोनू... रोज असंच करतीस?"

"हं."

"अगं, मग मॅडमला का नाही सांगितलं?"

"तूच म्हणलीस ना, मोठी झालीस, आपला डबा आपण उघडायचा."

"आणि मला गं?"

संस्कृतीनं मला पोटाशी धरलं. "मग तू ह्याला परत माळ्यावर टाकशील. आबांचा डबा आहे हा."

मंजुषाला हसू आलं का रडू, तिचं तिलाच कळेना. पदरानं डोळे पुसत ती म्हणाली, "मला वाटलं, तुला माझ्या हातचं आवडतच नाही."

"नाही गं मम्मी! वास लई भारी येतो. मी रोज बाहेरूनच घ्यायचे."

मित्रांनो, मी तेव्हा अक्षरशः सुटलो! मंजुषानं झाकण उपटलं आणि लेकीला तिथंच, सगळ्यांसमोर, धपाट्याचा एकेक घास भरवला. डॉक्टरांनी सगळं तपासून हसत सांगितलं, "हिला औषध नको. औषध त्या डब्याला द्या."

घरी आल्या आल्या खुलताबादला फोन लागला. पुंजाराम आधी पोट धरून हसले. "अगं पोरी, गरम गरम कोंबून झाकण दाबलं की तो दातखिळी बसल्यागत बसतोय. मी तर त्याला बाकाच्या कडंवर आपटायचो!"

"मामा, मग आधी सांगायचं ना!" मंजुषा सासऱ्यांना म्हणाली. आता कळलं ना माझ्या अंगावर पोचे कशाचे आहेत?

सत्यमनं कपाटातला गुलाबी डबा पुन्हा पुढं केला. संस्कृतीनं मान हलवली आणि विषय तिथंच मिटला. आता तव्यावरचे धपाटे आधी ताटात पसरून पंख्याखाली निवतात, तोवर मंजुषा वेणी घालते. झाकण अलगद लागतं. पातळ काही माझ्यात भरत नाहीत. आणि निघायच्या आधी ती म्हणते, "उघड बरं!" संस्कृती स्वतःच्या बोटांनी झाकण काढून दाखवते, मगच मी दप्तरात जातो.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणाचा डबा भरलेला परत येत असेल, तर रागावण्याआधी ते लेकरू तो कसा उघडतं, ते शेजारी बसून एकदा बघा. आणि मुलांनो, झाकण निघत नसेल तर सांगा रे. मोठ्या माणसांनाही मदत मागावी लागते, त्यात लाज कसली? आणि माझ्यासारख्या जुन्या भांड्याला उगाच दोष देऊ नका, एवढंच माझं मागणं आहे.

दवाखान्यानंतरच्या त्या पहिल्या सोमवारी मंजुषा कामावरून आली ती धावतच. गोजरबाईंच्या दारात संस्कृती दप्तर घेऊन उभी होती. मंजुषानं आधी दप्तर हातात घेतलं आणि हलवलं.

आत चमचा खुळखुळ वाजला.