म्हसोबा पाणंदीचा फलक

नबीलाल पेंटरनं कागदावरचा मजकूर दोनदा वाचला आणि ब्रश खाली ठेवला.

'म्हसोबा पाणंद रस्ता काँक्रिटीकरण. लांबी ४२० मीटर. काम पूर्ण.' त्याखाली हिंगणमाळ नगरपंचायतीचं नाव.

कोल्हापूरच्या कडेची उसाची शेतं हटून तिथं इमारती उठायला लागल्या, तशी हिंगणमाळची ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत आली होती. तिचे फलक मंगळवार पेठेत नबीलालच्या दुकानात रंगायचे. पण शेतांमधून वस्तीकडं जाणारी ही पाणंद त्याच्या पायाखालची होती. महिन्यापूर्वीच तो तिथं एका दूध संकलन केंद्राची पाटी पोचवायला गेला होता, तेव्हा स्कूटर निम्मी चिखलात रुतली होती.

"रस्ता कधी झाला ओ, दादा?" त्यानं विचारलं.

ठेकेदाराचा माणूस धैर्यशील दारातच उभा होता. मोबाईलमधून मान वर न करता तो म्हणाला, "झालाय की. तुमी रंगवा."

"तारीख न्हाय लिवलेली."

"जागा सोडा, आमी घालतो. आनि चाचा, बोर्ड पाणंदीत नेऊ नका. पलीकडं नवं प्लॉटिंग पडलंय न्हवं, त्याच्या गेटवर रोवा. फोटो काढून मला पाठवा आनि परत उपटून आणा."

"उपटून?"

"बिलाला फोटो लागतोय. एवढं काय खोदून विचारताय?"

नबीलालनं परत ब्रश उचलला. रात्री जेवताना त्यानं बायकोच्या कानावर घातलं. सलिमा म्हणाली, "तुमी रंगवायचं काम करता. रस्त्याचं त्येंचं त्येंनी बघावं. हे काम सुटलं तर दुकान कशावर चालवायचं?" तिचं खोटं नव्हतं. तरी त्याला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी फलक रिक्षात टाकून तो आधी प्लॉटिंगवर गेला. गेटच्या आत पांढराशुभ्र काँक्रीट रस्ता होता, दोन्ही बाजूंना रंगीत दगड आणि झेंडे. घर मात्र एकही नाही. त्यानं रस्ता पावलांनी मोजला. चारशेवीस मीटर असावा, थोडा इकडंतिकडं. वॉचमन त्याच्या मागंमागं चालत होता.

"कुणी पाठवलंय तुमाला?" वॉचमननं विचारलं.

"कुणी न्हाय. बघायला आलतो," असं म्हणून नबीलाल बाहेर पडला आणि रिक्षावाल्याला म्हणाला, "पाणंदीकडं घे."

पाणंद होती तशीच होती. चाकोऱ्यांत पाणी साठलेलं. तोंडाशीच अंबूबाई भेटली. साठीची बाई, एका हातात दुधाची किटली, दुसऱ्या हातानं लुगडं वर धरलेलं. तो हात मनगटात वाकडा होता.

"काय आणलंस रं?" तिनं लुगडं सोडून फलकावर बोट ठेवलं आणि अक्षर अक्षर लावलं. "काम... पूर्न?" मग तिनं त्याच्याकडं बघितलं. "गेल्या साली हितं घसरून माझं मनगाट मोडलं. तवापासनं अर्ज देतोय आमी. आनि तू काम पूर्न म्हणून लिवून आणलास? किती दिलं तुला?"

"मावशी, मी नुसता पेंटर हाय."

"सगळी नुसतीच असत्यात."

नबीलालला ते फार लागलं. त्यानं रिक्षातनं पहार काढली, पाणंदीच्या तोंडाशी दोन खड्डे घेतले आणि फलक तिथंच रोवला. चिखल, किटली आणि अंबूबाई, सगळं येईल असा फोटो काढून धैर्यशीलला पाठवला. लगेच फोन वाजला.

"कुठं रोवलासा?"

"ज्याचं नाव हाय, तिथं."

"डोस्कं फिरलंय का तुमचं? आत्ताच्या आत्ता उपटा!"

आवाज इतका मोठा होता की अंबूबाईला सगळं ऐकू गेलं. तिनं किटली खाली ठेवली आणि फलकाचा खांब धरून उभी राहिली. वस्तीतली माणसं जमली. ज्यानं त्यानं फोटो काढले. संध्याकाळपर्यंत ते फोटो हिंगणमाळभर फिरले.

दुसऱ्या दिवशी फलक जागेवर नव्हता. पण आठवड्यानं वरून चौकशीला दोघं आले. टेप लावून त्यांनी पाणंद मोजली, मग प्लॉटिंगचा रस्ता मोजला. नगरपंचायतीनं 'नजरचुकीनं काम दुसऱ्या जागी झाल्याचं' लिहून दिलं. एक अभियंता रजेवर गेला. धैर्यशील नव्या गाडीतून हिंडतच राहिला. दिवाळीच्या तोंडावर पाणंदीवर मुरूम पडला. काँक्रीट पुढच्या वर्षी, असं सांगितलं गेलं. नबीलालला मात्र नगरपंचायतीचं एकही काम परत आलं नाही. तो दुकानांच्या पाट्या, रिक्षांचे नंबर रंगवू लागला.

एके दिवशी अंबूबाई पत्ता विचारत दुकानात आली. तिनं दुधाची बाटली टेबलावर ठेवली.

"एक खरं सांग," ती म्हणाली. "तुझा वाटा कमी पडला म्हणून तर केलं न्हाईस न्हवं?"

सलिमा आतून ताडकन बाहेर आली. नबीलालनं तिला हातानंच थांबवलं.

"वाटा न्हवताच, मावशी. तुमी मला त्यातला म्हणालासा, ते सोसलं न्हाय."

अंबूबाईनं टेबलावरची बाटली सलिमाकडं सरकवली. मग "तापवून ठेवा, न्हाईतर नासंल," एवढंच सलिमाला म्हणाली आणि पायऱ्या उतरली. तिला पटलं की नाही, हे नबीलालला कधीच कळलं नाही.