बुएनाचा उपास

सालोनिका बंदरातल्या ज्यूंच्या विणकर आळीत बुएना नावाची विधवा राहत असे. एका वर्षी ज्यू लोक ज्याची पिढ्यान्‌पिढ्या वाट बघत होते तो तारणहार, मशीहा, अवतरल्याची बातमी आली, तेव्हा सगळ्यांत आधी नाचली ती हीच. जेरुसलेमचं मंदिर पडलं त्या दिवसाचा उपास मशीहानं रद्द केला म्हणे. मग काय, तिनं भर दुपारी चीज भरलेले बोरेक भाजले आणि आळीचे धर्मगुरू हाखाम शेमाया त्या बातमीवर विसंबून न राहता उपाशी बसले होते, त्यांच्या दारात ताट आदळलं.

"खा! रडायचे दिवस संपले, म्हाताऱ्या!"

पानगळीत दुसरी खबर आली. जीव वाचवायला मशीहानं सुलतानासमोर धर्म बदलला होता. बुएनानं दार लावून घेतलं ते लावूनच घेतलं. विहिरीवरून सगळ्या बायका परतल्या की मगच ती घागर उचले.

वर्ष फिरलं. उपासाच्या सकाळी दार वाजलं. उघडते तर हाखाम उभे.

"चल बुएना. सिम्हाआजीचा घसा बसलाय. बायकांत विलापगीत उचलायला कुणी नाही."

"मी? कोणत्या तोंडानं येऊ?"

"मला म्हातारा म्हणालीस त्याच तोंडानं. चांगलं खणखणीत आहे."

तिला हसू फुटलं, पाठोपाठ रडूही. "तुम्हाला खरं ठाऊक होतं, हाखाम. आम्हीच खुळ्या."

"ठाऊक कसलं!" हाखाम उंबऱ्यावरच टेकले. "त्या दिवशी मी जहाजांवरून येणाऱ्या बातमीसाठी बंदराकडे कान लावून बसलो होतो. म्हणत होतो, देवा, मला खोटं पाड आणि त्या बाईला खरं कर."

 बुएना डोक्यावरून ओढणी घेऊन निघाली.

प्रार्थनाघरात शेजारची एस्त्रेया पुटपुटली, "आली नाचणारी!"

"नाचलो तर सगळ्याच," सिम्हाआजी घोगऱ्या आवाजात म्हणाली. "सरक गं, बसू दे तिला."

बुएनानं गीत उचललं. तिसऱ्या ओळीला ती मध्येच अडली. तेव्हा ती ओळ एस्त्रेयानंच पुढे नेली.

दुपार कलल्यावर बायका आपापल्या घरी झाडलोट करायला गेल्या. मशीहा याच दिवशी जन्मतो, घर स्वच्छ हवं, अशी जुनी रीत. बुएनानंही झाडू हाती घेतला.

एस्त्रेया खिडकीतून डोकावली. "अजून वाट बघतेस?"

"बघते की. पण यंदा आला तर आधी नीट चौकशी करीन," बुएना म्हणाली, आणि तिनं खाट ओढून कोपऱ्यातला केर काढायला घेतला.