येऊ घातलेल्या गाडीचं चित्र

इटलीत बोलोन्यातल्या एका मोटरसायकलींच्या मासिकात 'पुढची गाडी' हे पान इवानो बेर्गोन्झोनी वर्षानुवर्षं काढत आला होता. कारखाने आपली येणारी गाडी सात पडद्यांआड ठेवतात आणि वाचकांना धीर निघत नाही. मग इवानोनं अंदाज बांधायचा, चित्र काढायचं आणि शिव्या खायच्या. कोपऱ्यावरच्या बारमध्ये कॉफी प्यायला गेलं की न्हावी सांगणार, नाक फार टोकदार झालंय. पोस्टमन सांगणार, पुढं सगळं विजेवर चालणार, तुझं इंजिन म्हाताऱ्यांचं. पाद्रीबुवासुद्धा आरशांविषयी मत देऊन जात. ज्याला सायकलचं चाक धड काढता येत नाही तोही शिकवायला यायचा, आणि इवानोचं डोकं दिवसभर तापलेलं राहायचं.

त्यात या महिन्याचं चित्र छापून आलं आणि गावाबाहेरच्या मोटरसायकलींच्या कारखान्यातून फोन आला: ताबडतोब या. त्या कारखान्यात त्याची मुलगी नोएमी डिझाइन विभागात होती, म्हणून तो हातातलं काम टाकून धावला.

विभागप्रमुख कास्तेल्ली त्याला एका बंद खोलीत घेऊन गेले. नोएमी भिंतीशी उभी होती, डोळे रडून लाल झालेले. कास्तेल्लींनी मधल्या चौथऱ्यावरचं कापड ओढलं. खाली खऱ्या गाडीएवढा तपकिरी मातीचा नमुना होता. पोटाखाली पंख, शेपूट आरपार पोकळ, आरसे गायब. इवानोनं छापलेली गाडीच जणू समोर उभी होती.

"आता सांगा," कास्तेल्ली म्हणाले, "हे तुम्हाला कुणी दाखवलं? मुलीनंच ना? तसं असेल तर तिचा इथला आजचा दिवस शेवटचा."

"हिनं?" इवानो भडकलाच. "अहो साहेब, ही पोरगी दर रविवारी घरी येते, दोन-दोन ताटं तालियातेल्ले पास्ता फस्त करते, पण ऑफिसातल्या खुर्चीचा रंगसुद्धा सांगत नाही! काही विचारलं की म्हणते, बाबा, चीज दे इकडे."

"मग जुळलं कसं?"

"कसं म्हणजे? डोकं चालवलं म्हणून! कागद द्या इकडे."

कागद मिळाला. इवानो नमुन्याकडे पाठ करून टेबलाशी वाकला आणि चित्र काढता काढता तोंडही चालवू लागला.

"शर्यतीचे नियमवाले गाडीला जमिनीशी दाबून धरणाऱ्या बाजूच्या पंखांना दरवर्षी कात्री लावतात. मग पंख जाणार कुठे? पोटाखाली! इंजिनाच्या जोडीला बॅटरी येणार, ती तापणार. गरम हवा काय चालवणाऱ्याच्या मांडीवर सोडाल? मागूनच काढावी लागणार, म्हणून शेपूट पोकळ. आरशांच्या जागी कॅमेरे. संपलं! यात चोरी कसली? असली गाडी शाळेतलं पोरही काढेल!"

कास्तेल्ली बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. त्यांचा राग उतरला, पण चेहराही पडला.

"म्हणजे जपान्यांनीही काढली असेल?"

"नसेल काढली तर झोपा काढताहेत ते."

इवानोला बरं वाटलं. एकदाचं कुणाला तरी त्याचं म्हणणं पटलं होतं, आणि मुलीची नोकरी वाचली होती.

"ठीक आहे," कास्तेल्ली म्हणाले. "नोएमी, तुझ्यावरचा संशय गेला. आणि ही गाडीही गेली. शाळेतलं पोर काढेल अशी गाडी आपण आणायची नाही. सोमवारपासून नवी काढायला घे."

"ही कशाला काढेल?" इवानोनं विचारलं. "ज्यानं ही केली त्याला सांगा ना."

नोएमी जमिनीकडे बघत होती, आणि तिच्या नखांत तीच तपकिरी माती होती.

इवानो नमुन्याकडे वळला आणि आता कुठे त्यानं तो नीट पाहिला. टाकीपासून निघालेली रेघ सीटखाली दबत जात होती आणि शेपटीपाशी एकदम मोकळी सुटत होती, दम धरून मग श्वास सोडावा तशी. ती रेघ बघून त्याला मनापासून हेवा वाटला.

"थांबा, साहेब! ही रेघ माझ्या चित्रात नाही! माझी शेपूट बघा, नुसतं सरळ नळकांडं आहे. हे मला सुचलंच नव्हतं. सुचलंही नसतं!"

"आता तुम्ही बाप म्हणून बोलताय," कास्तेल्ली म्हणाले आणि फोन कानाला लावून बाहेर पडले.

"अहो, डोळे आहेत की बटणं?" इवानो बंद दाराकडे बघून ओरडला. "बारमधला न्हावीसुद्धा सांगेल!"

नोएमीनं कापड उचललं आणि नमुन्यावर टाकलं.

"बाबा, पुरे कर आता."

"अगं, पण केवढा फरक आहे! दोन्ही शेजारी ठेवून बघ ना!"

"आहेच," नोएमी म्हणाली. "आल्या आल्या बघितला असतास, तर संशय घालवायला तेवढाच पुरला असता."