भरलेल्या बाटल्या

थंडी पडली की काटेवाल्याची बायको जिन्यातल्या चारही घरांतून काढ्याच्या रिकाम्या बाटल्या गोळा करायची, धुऊन उन्हात ठेवायची आणि नवा काढा भरून परत द्यायची. आलं, लवंग, दालचिनी, ज्येष्ठमध, चिमूटभर मीठ, वरून मध. जिन्यात कुणी शिंकलं की आतून कुणीतरी ओरडायचंच, "अरे, काकूंचा काढा घे!"

ती उन्हाळ्यात गेली. या थंडीत काटेवाल्याने ठरवलं, काढा आपण करायचा. ती गेली म्हणून तिच्या नावाचा काढा बंद पडायला नको. सारा जन्म त्याने दुकानदारांचे वजनकाटे दुरुस्त करण्यात घालवला होता. सहा जिन्नस मोजून उकळायला काय लागतं? प्रमाण तिने कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवलं होतं. तो पिशवी घेऊन बाटल्या मागायला निघाला.

शेजारच्या शिंप्याने आत बरीच खुडबुड करून बाटली आणली, ती गळ्यापर्यंत भरलेली.

"त्याचं काय आहे काका, गेल्या वर्षी आम्हाला सर्दी झालीच नाही बघा," असं म्हणता म्हणता शिंप्याला दोन शिंका आल्या.

खालच्या नर्सबाईंची बाटलीही भरलेलीच. "ड्युट्याच इतक्या होत्या काका, घ्यायचं राहूनच गेलं." पोस्टमनच्या बायकोला बाटली सापडली नाही, तिने घाईघाईने त्याच्या गुडघ्याची चौकशी केली.

उरल्या वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई. ऐंशी वर्षांच्या, आणि जे काय ते तोंडावर बोलणाऱ्या.

"कुणी सांगितलं नाही का तुम्हाला?" भरलेली बाटली पुढे करत त्या म्हणाल्या. "एक घोट घेतला आणि मोरीकडे धावले. धावले म्हणजे, माझ्या चालीने. नुसतं मीठ हो! तीन-तीनदा घातल्यासारखं. तुमच्या बायकोला सांगायलाच निघाले होते, पण तिचा चेहरा इतका उतरलेला, की धीर झाला नाही."

"ती चाखल्याशिवाय कुणाला द्यायची नाही, बाई."

"चाखून जर हे दिलं असेल, तर तिच्या तोंडाची चव तेव्हाच गेली होती म्हणायची."

जिना उतरताना मधेच थांबून त्याने शिंप्याची बाटली उघडली आणि तोंडाला लावली. घोट कसाबसा गिळला आणि तिथेच पायरीवर बसला.

गेल्या थंडीत ती चमचा घेऊन त्याच्या टेबलाशी आली होती. तो सोनाराचा काटा लावत होता. "अहो, जरा चाखून बघा ना. मीठ बरोबर आहे का?"

"तीस वर्षं करतेस, आणि आज मला विचारतेस?"

"बघा तरी."

"झकास आहे," काट्यावरची नजर न काढता तो म्हणाला. थोड्या वेळाने ती पुन्हा आली. तेव्हा तो खेकसला, "एकदा सांगितलं ना!" ती भरलेला चमचा तसाच घेऊन आत गेली. तीन वेळा तोलून पाहिल्याशिवाय एकही काटा हातावेगळा न करणारा माणूस, पण त्याने त्या चमच्याला जीभसुद्धा लावली नव्हती.

पुढे उन्हाळ्याच्या तोंडावर डॉक्टरांनी तिला विचारलं होतं, तोंडाची चव कधीपासून गेली? "थंडीपासून," ती म्हणाली. डॉक्टर म्हणाले, तेव्हाच यायला हवं होतं. बाहेर आल्यावर काटेवाला चार लोकांत तिच्यावर चिडला होता. "इतके महिने गप्प बसलीस? मला सांगायला काय झालं होतं?"

तिने फक्त त्याच्याकडे पाहिलं होतं आणि पदर सारखा करून चालू लागली होती. त्याला वाटलं होतं, बाईमाणूस, चूक कळली म्हणून गप्प झाली.

बऱ्याच वेळाने तो उठला आणि त्याने शिंप्याचं दार वाजवलं.

"काय काका, काही विसरलात?"

"गेल्या वर्षीचा काढा बिघडला, त्यात तिची चूक नव्हती. तिला चव कळत नव्हती. तिने मला दोनदा चाखायला सांगितलं. मी न चाखताच चांगला आहे म्हणालो."

शिंपी ओशाळला. "जाऊ द्या हो काका! काढाच तर होता. ती पिशवी ठेवा खाली, आत या, चहा घ्या."

"नको रे. अजून तीन घरं राहिली आहेत," असं म्हणून त्याने हातातली पिशवी सावरली आणि कठड्याला धरून तो नर्सबाईंच्या दाराकडे उतरू लागला.