वैरागची शेवटी

माझ्या शेवटच्या कार्यक्रमाचे प्रेक्षक एकवीस वर्षं झाली तरी जागेवरून उठलेले नाहीत. चूक माझीच आहे, पण कुणी तोंडावर म्हणालं तर मी ऐकून घेणार नाही.

आमचं घराणं गोंधळ्यांचं. गोंधळात आधी एकेका गावाचं नाव घेऊन देवाला बोलवायचं आणि शेवटी त्याच क्रमानं एकेकाला निरोप द्यायचा, हे पाळण्यातलं पोरही सांगेल. मी संबळीला इलेक्ट्रिक गिटार जोडली, देवांच्या जागी समोर बसलेल्यांनाच गावागावानं बोलावलं, आणि लोक वेडे झाले. त्या शेवटच्या कार्यक्रमाच्या दुपारी वेशीबाहेरच्या नाट्यगृहात मी एकसष्ट गावं घेतली. सगळ्यात शेवटी, मिरवायचं म्हणून, मागच्या रांगेत बसलेल्या माझ्या थोरल्या बहिणीचं नाव घेतलं. वैरागची भागाक्का. पाचला म्हशीची धार काढायची म्हणून ती दाराजवळच बसली होती.

मग गिटारची तार तुटली. कुणीतरी शिट्टी मारली, कुणीतरी चप्पल फेकली. माझं डोकं फिरलं. "जा खड्ड्यात," म्हणाले आणि मागच्या दारानं निघून गेले. निरोप राहिला तो राहिलाच. परत गायचं नाही, अशी शपथच घेतली मी.

गेल्या महिन्यात नाट्यगृहाच्या व्यवस्थापकांचं, तोरण्यांचं, पत्र आलं. "बाई, प्रेक्षकांच्या पाठी लाकडी होत चालल्या आहेत. दंडावर आसनांचे आकडे उमटू लागलेत. आकडा सुकला की माणूस कुठलं आणि खुर्ची कुठली ते आम्हाला सांगता येणार नाही. आपल्या भगिनींच्या दंडावर अजून काही नाही. यावं."

गेले. तोरण्यांनी दार उघडलं, मला आत घेतलं आणि दाराच्या जागी भिंत लावून टाकली.

"निरोप झाल्यावर काढू," ते म्हणाले.

मी रंगमंचावर चढले तर टाळी नाही, खोकला नाही. तीनशे माणसं माझ्याकडे बघत होती, चोर सापडल्यावर बघतात तशी. पार मागे भागाक्का होती, मांडीवर पिशवी. मी संबळ बांधली आणि थेट तिचंच नाव घेतलं. माझी सख्खी बहीण आहे, मी का थांबू?

तिचा गुडघा हलला. तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या शाळामास्तरांनी लाकडी हात आडवा केला आणि त्यांच्या मागून शेवटच्या रांगेपर्यंत सगळ्यांनी केला. भागाक्का परत बसली.

"रांग मोडायची नाही," मास्तर म्हणाले. "आम्हाला आधी बोलावलंत."

"मास्तर, माझी बहीण आहे हो ती."

"आमच्याही बहिणी घरी होत्या. आता नाहीत."

मग पहिलं गाव घेतलं, पांगरी. आलात तसे जा, वाटेला लागा, असं गायले. पांगरीचे नऊ जण कुरकुरत उठले, भिंतीतून चालत गेले, आणि जाताना माझं तारसप्तक घेऊन गेले. माझ्या गळ्यातून काहीतरी सोललं गेल्याचं मला स्पष्ट कळलं. मी थांबले.

"पुढचं," मास्तर म्हणाले.

बावीवाल्यांनी आवाजातली धार नेली. उपळ्याच्या एका बाईनं उठता उठता मला चप्पल दाखवली. तीच चप्पल होती, मी ओळखली. रिकामी झालेली रांग नाहीशी होई आणि मागची भिंत तेवढी पुढे सरके. तिच्यासोबत भागाक्काही पुढे येत होती. मी आवाज जपून वापरायला लागले, पुटपुटायला लागले, तर कुणी उठेचना.

"मोकळ्या गळ्यानं," मास्तर म्हणाले. "तेव्हा कशा मोकळ्या गळ्यानं शिवी दिलीत?"

हलकट म्हातारा! पण गायले. चाळीस गावं झाली तेव्हा नुसता खर्ज उरला होता. पंचावन्नाव्याला खरखर. साठावं गाव मास्तरांचं होतं. मुद्दाम रेंगाळत उठले, धोतर झटकलं, माझ्याकडे न बघता गेले. जाताना खरखरही घेऊन गेले.

आता नाट्यगृह आमच्या न्हाणीघराएवढं उरलं होतं. मी होते आणि माझ्या गुडघ्याला गुडघा लागेल अशी भागाक्का. एकवीस वर्षांत तिचं काहीच बदललं नव्हतं. मी तिच्यापेक्षा म्हातारी दिसत असणार. मी तिचा हात धरून ओढलं. तिचे पाय जमिनीला बोल्टांनी बसवले होते.

"आलीस होय गं, चांगू," ती म्हणाली. "म्हस दुधानं तटली असंल. सोड बघू लवकर मला."

मला रडू फुटलं, पण त्यालाही आवाज नव्हता. मी तिचं नाव घेतलं. वैरागची भागाक्का, आलीस तशी जा, वाटेला लाग. ओठ बरोबर हलले, ताल चुकला नाही.

"काय म्हणतीस?"

मी तिच्या कानाला तोंड लावलं. पुन्हा म्हटलं.

"फुंकर काय घालतीस, येडे? म्हण की."

भिंतीपलीकडून तोरण्यांनी विचारलं, "झालं का, बाई?"

भागाक्काच्या दंडावर पांढऱ्या रंगानं एकाचा आकडा उमटत होता. मी पदरानं पुसला, पुन्हा उमटला.

"मोठ्यानं, चांगू," ती म्हणाली.

मी संबळीवर थाप मारली आणि तोंड उघडलं. रंग अजून ओला होता.