दुमडलेला कोपरा

मित्रांनो, मी एक जुनं लाकडी कपाट आहे, छत्तीस खणांचं. सातवा खण जन्मापासून अडतो, कारण मला घडवणारा सुतार दाराच्या उरलेल्या लाकडात भागवत होता. एक पाय आखूड किंवा टाच वाकडी असलेल्या माणसांसाठी बूट शिवणाऱ्या छोट्या कारखान्यात मी आयुष्य काढलं. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या पायांची मापं एका कार्डावर असत आणि ती कार्डं माझ्या पोटात.

माझी खरी मालकीण म्हणजे मापं घेणाऱ्या मावशी. त्यांची एक रीत होती. वाढत्या वयाच्या मुलाच्या कार्डाचा कोपरा दुमडायचा. मग ते मूल पुन्हा कागदावर उभं राहून माप देईपर्यंत चामड्याला कात्री लावायची नाही. कोणी घाई केलीच तर मावशी चष्म्यावरून नुसत्या बघत, तेवढं पुरे होई. तेव्हा मला आपण फार मोठे असल्यासारखं वाटे, खोटं कशाला बोलू.

पुढे धाकट्या मालकांनी मोठ्या कंपन्यांसाठी बनवलेलं सॉफ्टवेअर घेतलं. विकणाऱ्याने फक्त किंमत सांगितली होती. कार्डं टाइप करण्यात मावशींचे चार महिने गेले, कामं तुंबली आणि सगळ्यात जुना कारागीर वैतागून दुसरीकडे गेला, हे त्या किमतीत कुठेच नव्हतं. दुमडलेल्या कोपऱ्यासाठी त्यात जागा नव्हती. ती करून घ्यायची तर वेगळे पैसे पडणार होते. मालक म्हणाले, नंतर बघू. मावशी म्हणाल्या, तोवर मी लक्षात ठेवीन. शंभरावर मुलं लक्षात ठेवणं म्हणजे काही खायचं काम नाही.

वर्ष झालं की सॉफ्टवेअर जुनी ऑर्डर आपोआप पुढे काढी आणि मावशी बटण दाबून मंजुरी देत. अशीच एका नऊ वर्षांच्या मुलीची ऑर्डर निघाली. गेल्या वर्षीच्या मापाने बूट शिवले आणि घरपोच गेले. महिन्याने तिची आई आली. तिने बूट टेबलावर ठेवले. आतलं अस्तर रक्ताने काळं पडलं होतं.

"बोललीच नाही हो ती," आई म्हणाली. "एवढी वाट बघून नवे बूट मिळाले, म्हणून गप्प चालत राहिली. आता डॉक्टर पाय टेकू देत नाहीत."

मालकांनी स्क्रीनवर शोधलं. मंजुरी मावशींच्या नावाने होती. मावशी माझ्याकडे आल्या, सातवा खण हिसका देऊन उघडला आणि कार्ड मालकांच्या हातात दिलं. कोपरा दुमडलेला होता.

"नाही राहिलं माझ्या लक्षात," त्या म्हणाल्या. "लक्षात ठेवीन असं म्हणायलाच नको होतं मी."

दुसऱ्या दिवसापासून मावशी आल्या नाहीत.

आता मी मागच्या बोळात असतो. डोक्यावर रंगाचे डबे आहेत, अंगाला ओल लागली आहे. माझे लाड करा असं मी म्हणत नाही, मित्रांनो. नवं आणा, जरूर आणा. फक्त जुनं हलवण्याआधी त्यावर रोज काम करणाऱ्या माणसाला विचारा, की यात न लिहिलेलं असं काय आहे. आणि ते माणूस सांगेल तेव्हा 'नंतर बघू' म्हणू नका.

त्या मुलीचं कार्ड मालकांनी परत माझ्यातच ठेवलं. कोपरा अजून दुमडलेला आहे. ती माप द्यायला पुन्हा आली नाही.